बोटीची बाहेरची बाजू

तेलवाला कायमचा घरी आला तेव्हा त्याच्या बायकोला वाटलं होतं, आता घराला जरा घरपण येईल. आलं ते वादळ.

तेलवाला हे नाव त्याला बोटीवर पडलं. उभा जन्म त्यानं मालवाहू बोटींच्या इंजिनखोलीत काढला होता. यंत्रांना तेल घालायचं, काट्यांवर नजर ठेवायची, आणि धडधडीत एखादा वेगळा सूर लागला की हातातला चहाचा कप तसाच टाकून धावायचं, हे त्याचं काम. शेवटची बरीच वर्षं तो एकाच बोटीवर होता. खलाशी तिला लाडानं म्हातारी म्हणायचे. घरी बायको तिला सवत म्हणायची. “सवतीची तब्येत कशी आहे?” असं फोनवर विचारायची, आणि तोही सगळं मनावर घेऊन पंप, वाफ, गळती असं सविस्तर सांगत बसायचा.

ती बोट एक दिवस भंगारात निघाली. मालकांनी माणसांना घरी पाठवलं आणि बोटीला तोडायला. तेलवाला एक ट्रंक, एक पिशवी आणि कातडीत मुरलेला तेलाचा वास घेऊन दारात उभा राहिला.

पहिले काही दिवस कौतुकात गेले. मग त्याच्या पायांनी आपले गुण दाखवले. हा माणूस बसेचना. सकाळी उठला की दारापासून मागच्या खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत येरझारा. बोटीवर असताना ठरावीक वेळेला सगळ्या यंत्रांपाशी फेरी मारायची सवय होती. इथे यंत्रं नव्हती, फेरी मात्र होती. फ्रिजला हात लावून बघायचा, नळाला कान लावायचा, पंख्याखाली उभा राहून मान वाकडी करून ऐकायचा. जे बिघडलेलं नव्हतं ते त्यानं दुरुस्त केलं. दाराच्या बिजागऱ्या खोलून तेल घातलं, तेव्हापासून दार वाऱ्यावर आपसूक उघडायला लागलं. नळ असे आवळले की त्याच्याशिवाय कुणाला उघडता येईनात. शेजारणीला तोंड धुवायलासुद्धा याला हाक मारावी लागायची, कारण तिचेही नळ त्यानं फुकटात आवळून दिले होते.

बायको जवळच्या बालवाडीत शिकवायची. एक दिवस दुपारी ती लवकर घरी आली, तर कपडे धुण्याचं मशीन घुरघुरत होतं आणि त्याला पाठ टेकून नवरा जमिनीवर गाढ झोपला होता. तिनं झाकण उघडलं. मशीन रिकामं होतं. आवाज थांबला तसा तो दचकून उठला.

“काय झालं? बंद का पडलं?”

“अहो, कपडे तरी टाकायचे होते आत.”

तो ओशाळला. म्हणाला, “झोप येत नाही गं. बोटीवर इंजिन थांबलं की सगळी माणसं जागी होतात. थांबलं म्हणजे काहीतरी बिघडलं. इथे सदान्‌कदा थांबलेलंच असतं.”

तिला त्याची कीव आली आणि थोडा रागही आला. एवढी वर्षं तिनं हे घर एकटीनं चालवलं होतं. घराचं चालणं तिला ठाऊक होतं. ते थांबलेलं आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं.

त्यांची मुलगी शहराच्या बसवर ड्रायव्हर होती आणि दोन गल्ल्या पलीकडे राहायची. तिच्या कानावर हे गेलं. ती आली, बापाच्या येरझारा पाहिल्या आणि स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाली, “बाबा, हातात काहीतरी धरा. नाहीतर आई एक दिवस माझ्या बसमध्ये येऊन बसेल आणि उतरायचीच नाही.”

हातात धरायला त्याला जे पहिलं सापडलं ते म्हणजे न्हाणीघराच्या खिडकीची जुनी फळी. त्यानं चाकू घेतला आणि तिची बोट करायला घेतली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. हात शिवशिवत होते आणि डोक्यात दुसरं काही नव्हतं. दिवस कलेपर्यंत तो पायरीवर बसून तासत होता. मुद्दा असा की बसून होता. बायकोनं दोनदा खिडकीतून डोकावून पाहिलं आणि आवाज न करता मागे सरली, जसं झोपी गेलेल्या तान्ह्या बाळाच्या खोलीतून सरावं.

बोट झाली. ती त्यानं टेबलावर ठेवली. बायकोनं बराच वेळ विचार करून विचारलं, “इस्त्री आहे का?”

त्यानं ती उचलून कचऱ्यात टाकली. पण दुसऱ्या दिवशी त्यानं दुसरी फळी शोधली. मग तिसरी. कपाटाचा एक खण गेला, एक जुना पाट गेला. सगळ्या इस्त्र्याच होत होत्या. काही तर इस्त्रीच्या वाणाच्याही नव्हत्या. त्याचा राग वाढत चालला. एखादा पंप खोलून जोडणं त्याला डाव्या हाताचं काम होतं, आणि हे एवढंसं लाकूड त्याला जुमानत नव्हतं.

“साचेवाल्या नानांकडे जा,” शेवटी मुलीनंच सुचवलं. “ते लाकडाचं बघतात.”

नाना म्हणजे बंद पडलेल्या ओतकामाच्या कारखान्यातले जुने कारागीर. लोखंड ओतण्याआधी वस्तू आधी लाकडात करावी लागते; ते लाकडी साचे नाना करायचे. कारखाना गेला, पण मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नानांचं बाकडं राहिलं होतं आणि बाकड्यामागे नाना राहिले होते. सुकलेल्या शेंगेसारखा माणूस, जाड भिंगांचा चष्मा, आणि बोलणं रंध्यासारखं: जाईल तिथे काहीतरी सोलून काढणारं.

त्यांनी तेलवाल्यानं आणलेल्या इस्त्र्यांपैकी एक हातात घेतली, उलटी केली, आणि कोपऱ्यातल्या चुलीपाशी सरपणात ठेवली.

“मला शिकवा,” तेलवाला म्हणाला.

“या वयात?”

“हात चांगले आहेत माझे.”

“हाताचं मी काहीच म्हणालो नाही. बूड कसं आहे?”

त्यांनी त्याला एक खडबडीत फळी आणि रंधा दिला. ती आरशासारखी सपाट करायची. तेलवाल्यानं जोर लावून ती संध्याकाळपर्यंत निम्मी करून टाकली, सपाट मात्र झाली नाही. दुसऱ्या दिवशी दुसरी फळी. तिसऱ्या दिवशी तो रंधा ठेवून निघून गेला. आठवडाभर पुन्हा घरात येरझारा घातल्या. बायकोनं एका सकाळी त्याच्या चपला दाराबाहेर शेडच्या दिशेनं तोंड करून ठेवल्या. तो परत गेला.

“आलास?” नाना म्हणाले. “लाकूड कुठे पळून जात नाही रे. पळतोस तो तूच. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.”

तो शिकत गेला, पण सरळ कधीच नाही. चार दिवस मन लावून काम करायचा, पाचव्या दिवशी भांडून निघून जायचा. त्याला धार लावायला आली, मग कानस चालवायला आली. पातळ पट्ट्या किटलीच्या वाफेवर धरून हळूहळू वाकवायला आल्या, आणि त्या सांगाड्यावर चिकटवल्या की सुकेपर्यंत कपड्यांच्या चिमट्यांनी धरून ठेवायला आल्या. घरातले सगळे चिमटे शेडमध्ये गेले. बायकोचे कपडे दोरीवरून उडून शेजारच्या अंगणात जायला लागले, तेव्हा तिनं एक नवा गठ्ठा आणून त्याच्यासमोर ठेवला आणि बजावलं, “हे माझे. यांना हात लावलात तर बघा.”

पहिली बरी बोट म्हणजे एक साधी मासेमारीची होडी. तिचं वरचं फळकूट बसता बसेना. इकडून दाबलं की तिकडून वर यायचं. तेलवाल्यानं पुन्हा मापलं, पुन्हा कापलं, पुन्हा तेच. त्यानं फळकूट भिंतीवर फेकलं. नानांनी ते उचललं, बाकड्यावरच्या मापायच्या दोन पट्ट्या उचलल्या आणि शेजारी शेजारी धरल्या. एक पट्टी किंचित लांब होती. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून साचा नेहमी थोडा मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी नानांची पट्टीच मुळात मोठी आखलेली होती. तेलवाल्यानं होडीचं अंग नानांच्या पट्टीनं मापलं होतं आणि फळकूट स्वतःच्या.

“मला सांगायचं तरी,” तो तडकला.

“पट्टीवर लिहिलंय,” नाना म्हणाले. “पण वाचायला थांबावं लागतं.”

त्या दिवशी तो भांडून गेला नाही. दुसरं फळकूट कापायला बसला.

होडी जमली, मग अजून एक जमली, आणि त्याच्या मनानं घेतलं की आता म्हातारीच करायची. भंगारात गेली तर गेली, लाकडात तरी उभी करू. त्याच्या डोळ्यांत वेगळंच पाणी दिसायला लागलं. नानांच्या बाकड्याचा अर्धा भाग त्यानं बळकावला आणि आधी इंजिनखोली केली. ती त्याला पाठ होती. कुठला पाइप कुठून निघून कुठे वळतो, कुठल्या पायरीवर डोकं आपटतं, कुठल्या कोपऱ्यात तेलाचे डबे, कुठे ओला बोळा अडकवायचा खिळा. काडेपेटीतल्या काड्यांचे कठडे केले, तांब्याच्या तारेचे पाइप वाकवले. नाना चष्मा वर करून बघायचे आणि काही बोलायचे नाहीत, म्हणजे पसंत होतं.

मग बाहेरचं अंग करायची वेळ आली.

“नाळ कशी आहे?” नानांनी विचारलं. नाळ म्हणजे बोटीचं पुढचं टोक. “सरळ उतरते की पुढे झुकलेली?”

तेलवाल्यानं पेन्सिल उचलली. ती कागदावर टेकली आणि तिथेच राहिली.

त्याला माहीत नव्हतं.

आधी त्याला वाटलं, आत्ता आठवेल. तो शेडमधून बाहेर पडला, चालत राहिला. पण जे पाहिलंच नाही ते आठवणार कुठून? बोट धक्क्याला लागलेली असायची, तो खांद्यावर पिशवी घेऊन, मान खाली घालून, मधल्याच शिडीनं चढायचा आणि थेट खाली, पोटात. सुट्टी लागली की त्याच शिडीनं उतरून घरच्या ओढीनं पळत सुटायचा. मागे वळून बोटीकडे बघायला सवड कुणाला होती? फोटो होते, पण त्यात खलाशी कठड्याला टेकून दात काढत उभे, आणि बोट त्यांच्या पाठीमागे. मुलीनं फोनवर शोधलं. एक धुरकट फोटो मिळाला, तोही फार जुना. त्यानंतर एका टकरीत बोटीचं पुढचं टोक चेपलं होतं आणि नवं बसवलं होतं, एवढं तेलवाल्याला ऐकून माहीत होतं.

त्याला घरात बसवेना आणि शेडमध्येही. ज्या बोटीत आयुष्य घातलं तिचा चेहरा आपल्याला ठाऊक नाही, ही गोष्ट दातात अडकलेल्या फोलपटासारखी त्याला दिवसभर टोचत राहिली. एकदा ताटावर बसल्या बसल्या तो आपल्याशीच पुटपुटला, “धुरांडं मध्यावर होतं की मागे...”

“मागे,” बायको म्हणाली. “आणि जरा डावीकडे कललेलं.”

त्यानं मान वर केली. “तुला काय माहीत?”

“मला विचारू नका,” ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

तो मागोमाग गेला. “अगं, पण तुला कसं माहीत?”

तिनं नळ सोडला. म्हणजे सोडायचा प्रयत्न केला. तो आवळलेला होता. त्यानं पुढे होऊन सोडून दिला. पाण्याच्या आवाजात ती बोलायला लागली, त्याच्याकडे न बघता; ऐकू यावं म्हणून तो तिच्या खांद्याशी वाकला.

“तुम्ही जायचात तेव्हा मी आणि पोर धक्क्यावर उभ्या असायचो.”

“निरोप घेऊन मी चढायचो, हो. मग तुम्ही घरी—”

“मग आम्ही घरी नाही जायचो. दोर सुटायला वेळ लागतो. मग ती छोटी बोट तिला ओढून बाहेर काढते. मग ती वळते. सगळी वळायला केवढा वेळ लागतो तिला, कधी बघितलंय का तुम्ही? मग दीपगृहाच्या पलीकडे जाईपर्यंत दिसते. मागची बाजू दिसत राहते. पोर खांद्यावर झोपून जायची. आम्ही हात हलवायचो. कुणाला, कोण जाणे. वर तर तुम्ही कधीच नव्हतात.”

बोट निघते तेव्हा इंजिनखोलीत श्वास घ्यायला उसंत नसते. त्या वेळी वर येऊन बघावं हे तेलवाल्याच्या मनातही आलं नव्हतं. त्याला वाटायचं, आपण शिडी चढलो की त्या दोघी वळून घरी जात असतील, वाटेत भाजी घेत असतील.

“मला वाटलं...” तो म्हणाला.

“तुम्हाला काय वाटलं ते राहू द्या.”

दोन दिवस ती त्याच्याशी मोजकंच बोलली. तिसऱ्या दिवशी बालवाडी सुटल्यावर ती शेडमध्ये आली. पदर खोचलेला आणि हातात खडू. मुलांना फळ्यावर हत्ती, बदक, आगगाडी काढून दाखवायची तिला सवय होती. तिनं शेडच्या काळ्या दारावर एका रेघेत बोट काढली. आधी मागची बाजू, कारण ती तिनं सगळ्यांत जास्त वेळ पाहिली होती. गोल, वजनदार, बसक्या कोंबडीसारखी. मग पुढचं टोक, पुढे झुकलेलं, आणि नांगराच्या खाली गंजाचा एक लांब ओघळ. डाव्या बाजूला रंगाचं एक ठिगळ, बाकीपेक्षा गडद.

“ते ठिगळ पोर शाळेत जायला लागली त्या वर्षी आलं,” ती म्हणाली. “आधी नव्हतं.”

नानांनी चष्मा पुसला. “बाई, तुम्ही आधी का नाही आलात? या ठोंब्यावर मी इतका वेळ घालवला.”

तेलवाला हसला नाही. तो दाराजवळ गेला आणि ती रेघ शेवटपर्यंत बघत गेला. तिच्या नुसतं उभं राहण्याची सगळी वर्षं त्या दारावर खडूनं काढलेली होती, आणि तो त्यातल्या एकाही दिवशी तिथे नव्हता.

अशा वेळी दुसरा माणूस जवळ बसला असता. तेलवाल्याचे पाय मात्र पळायचं निमित्त शोधायला लागले, आणि निमित्त आलंही. जुन्या बोटीवरच्या सोबत्याचा फोन आला. एका बोटीला अनुभवी तेलवाला हवा होता, फक्त एका फेरीसाठी. त्यानं विचार न करता हो म्हटलं. बाकड्यावर म्हातारीच्या बरगड्या उघड्या पडल्या होत्या, चिमटे तसेच लावलेले होते.

“अर्धं टाकून चाललास?” नाना म्हणाले.

“परत येईन की.”

“बोट म्हणेल, याला ओळखते मी.”

बायकोनं अडवलं नाही. तिनं पिशवी भरली, कपड्यांच्या घड्या घातल्या, लोकरी मोजे तळाशी ठेवले. तिच्या हातांना ते इतकं सवयीचं होतं की बघणाऱ्याला वाटावं, ती बोलत असतानाच पिशवी आपली आपण भरली. हे पाहून त्याला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

बंदरावरच्या दवाखान्यात तपासणी होती. छाती चांगली, डोळे चांगले, रक्त चांगलं. मग त्याला एका काचेच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं आणि सांगितलं, आवाज आला की बटण दाबा. तो वाट बघत बसला. आवाज येईल तेव्हा दाबू. काचेपलीकडची बाई त्याच्याकडे बघत राहिली. शेवटी तिनं येऊन त्याच्या कानावरून यंत्र काढलं आणि शांतपणे सांगितलं की आवाज मघापासून येत होते. अशा कानांनिशी इंजिनखोलीत पाठवता येणार नाही.

तो पिशवी घेऊन बाहेर आला. घरी जायची हिंमत होईना. बंदरावर वेटिंग हॉल होता, तिथे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर माणसं बसली होती, खलाशांच्या बायका, आया, पेंगुळलेली पोरं. काचेबाहेर धक्क्याला एक बोट लागलेली होती. त्याला हवी होती ती नव्हे, दुसरीच. कुणीतरी आत येऊन सांगितलं की निघतेय, आणि सगळे उठून बाहेर गेले. तेलवालाही गेला. कुठे जावं हे कळत नव्हतं म्हणून गेला.

दोर सुटायला खरंच वेळ लागला. ओढणारी छोटी बोट आली, गुरगुरली, मागे गेली, पुन्हा पुढे आली. तेलवाल्याचे पाय वळवळत होते. हाताला काम नाही, नुसतं उभं राहायचं. एकदा त्याला वाटलं, बस झालं, जावं. शेजारी उभी असलेली बाई हलली नव्हती, म्हणून तोही हलला नाही. बोट वळायला लागली. पोटात आत्ता काय चाललं असेल ते त्याच्या अंगाला कळत होतं: घंटा, वाफ, आरडाओरडा, घाम. बाहेरून यातलं काही दिसत नव्हतं. एक मोठी लोखंडी भिंत अगदी सावकाश फिरत होती आणि लोक भिंतीला हात हलवत होते. त्यानंही हलवला. दीपगृहापलीकडे ती जाईपर्यंत त्याचा खांदा पिशवीच्या ओझ्यानं भरून आला होता, आणि पिशवी खाली ठेवायचं त्याला सुचलं नव्हतं.

घरी बायकोनं दार उघडलं. पिशवीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“बहिरा ठरलो,” तो म्हणाला.

“ते मला केव्हापासून माहीत आहे. मी स्वयंपाकघरातून बोलते आणि तुम्ही भिंतीला उत्तर देता.”

“सांगायचं होतंस.”

“सांगितलं होतं. तेही तुम्ही ऐकलं नाहीत.”

तो खुर्चीत बसला. ती समोर बसली. तो म्हणाला, “फार वेळ लागतो गं तिला वळायला.”

तिला कळलं की तो कुठे थांबला होता. ती उठली आणि चहा ठेवायला गेली. जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेली.

तो शेडमध्ये परतला तो निमूटपणे. बरगड्यांवर पट्ट्या चढायला लागल्या. बायको बालवाडीवरून येताना थांबायची, मान तिरकी करून बघायची. “अजून बसकी,” “टोक जास्त धारदार झालंय,” असं सांगायची, आणि तो कुरकुरत लाकूड सोडवून पुन्हा वाकवायचा. एक बाजू पुरी झाली तेव्हा तिनं विचारलं, “तुम्ही झोपायचात कुठे?”

“आत. पाण्याच्या खाली.”

“दाखवा की.”

दाखवणार कसं? ती बाजू बंद करायच्या बेतात तो होता. त्यानं हातातल्या पट्टीकडे पाहिलं आणि ती बाजूला ठेवली. दुसरी बाजू त्यानं उघडीच ठेवायची ठरवली. नाना चिडले, म्हणाले, अर्धवट बोट कुणी करतं का. पण तेलवाला ऐकण्याच्या पलीकडे गेला होता, दोन्ही अर्थांनी. एका बाजूनं म्हातारी तिनं पाहिली तशी झाली, गंजाचा ओघळ आणि ठिगळासकट. दुसऱ्या बाजूनं ती कापल्यासारखी उघडी: इंजिनखोली, शिड्या, स्वयंपाकाची खोली, आणि अगदी खाली एक अरुंद पलंग, ज्यावर उशीच्या जागी त्यानं बायकोच्या जुन्या साडीचा तुकडा घडी करून ठेवला. तो तुकडा कुठून आला ते तिनं विचारलं नाही, पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं.

मुलीनं ती बोट आपल्या बसमध्ये, पुढच्या सीटवर बसवून, बंदरावर नेली. आईचीच कल्पना होती ती. वेटिंग हॉलमध्ये काचेच्या पेटीत ती ठेवली गेली. लोक निघालेल्या बोटीकडे बघून परत येतात, तेव्हा या पेटीभोवती रेंगाळतात. आपलं माणूस आत्ता कुठे असेल, हे काचेवर बोट टेकवून एकमेकांना दाखवतात.

तेलवाल्याला मग बाकीच्यांच्या बोटी करायची कामं आली. आता तो आतल्या बाजूसाठी खलाशांना गाठतो आणि बाहेरच्या बाजूसाठी त्यांच्या घरच्यांना. त्याचे पाय काही सुधारले नाहीत. एक पट्टी चिकटवली की सुकेपर्यंत तो बंदरापर्यंत जाऊन येतो, पेटीपाशी उभा राहतो, लोक काय बोलतात ते हाताचा पंजा कानामागे धरून ऐकतो, परत येतो. नाना म्हणतात, याच्या बोटींपेक्षा हाच जास्त मैल चाललाय.

एकदा पेटीपाशी एक वयस्क बाई होती. तिचा मुलगा नुकताच एका बोटीवर आचारी म्हणून लागला होता. तिनं तेलवाल्याला विचारलं, “दादा, आचाऱ्याची खोली कुठली?”

त्यानं दाखवली.

“खिडकी एवढीशीच?”

“खरी याहून लहान असते.”

“मग आत उकडतं का?”

तेलवाल्याला खोटं सुचलं नाही. “उकडतं,” तो म्हणाला. “भट्टीसारखं.”

ती बाई मान हलवत राहिली. “तो सांगतो, गार वारा येतो म्हणून.”

ती गेल्यावर तो अस्वस्थ झाला. घरी येईपर्यंत आपल्याशीच वाद घालत आला. बायको वह्या तपासत बसली होती. त्यानं तिला सगळं सांगितलं आणि विचारलं, “मी चुकलो का? त्या माउलीला गार म्हणायला हवं होतं?”

तिनं पेन खाली ठेवलं.

“तुम्हीही मला गारच सांगायचात,” ती म्हणाली. “बसा. खरं कसं होतं ते आता सांगा.”

तो बसला. मग उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला, आणि उभ्या उभ्याच सांगायला लागला.